एक वर्ष म्हणजे एकच वर्ष!

खेळाडूंचे वकील रिचर्ड मॉस यांची कारकीर्द

कागदावर सही करण्याची पाळी आपल्यापैकी प्रत्येकावर येते. कंपनीत भरती होताना, भाड्याची खोली घेताना, पतपेढीचे कर्ज उचलताना, मेहुण्याला जामीन राहताना आपण सही करतो. कागद बारीक अक्षरात छापलेला असतो, बहुधा इंग्रजीत असतो. समोरचा बाबू घाईत असतो. तो बोट ठेवील तिथे आपण सही करतो आणि बाहेर येऊन चहा पितो. त्या कागदात नेमके काय लिहिले होते हे जेव्हा कळते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आज आम्ही वाचकांना अशा एका वकिलाची हकीकत सांगणार आहोत, की ज्याने अशाच एका कागदातले एक वाक्य नीट वाचले आणि त्या वाक्याच्या बळावर जवळजवळ शंभर वर्षांची वेठ मोडून काढली. हे वकील अमेरिकेतले. नाव रिचर्ड मॉस. सगळे त्यांना डिक मॉस म्हणत. त्यांचे अशील होते बेसबॉल खेळणारे व्यावसायिक खेळाडू.

खेळाडूंना कसला आलाय वकील, ते तर लाखांनी मिळवतात, असे कोणी म्हणेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. परंतु ही हकीकत जसजशी वाचत गेलो, तसतसे आमच्या ध्यानात आले की ही श्रीमंतांची कहाणी नव्हे. ही मालक आणि कामगार यांचीच कहाणी आहे. फरक एवढाच, की इथला कामगार मैदानात चेंडू फेकतो.

पोलाद कामगारांच्या युनियनमधून

मॉस यांचा जन्म १९३१ साली पिट्सबर्ग शहरात झाला. गिरण्यांची जशी मुंबई, तसे पोलादाचे पिट्सबर्ग. भट्ट्या, धूर, तीन पाळ्या आणि युनियन हे त्या शहराचे रोजचे जीवन होते. तिथल्याच विद्यापीठात मॉस शिकले आणि पुढे हार्वर्ड या नामांकित विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. हार्वर्डमधून बाहेर पडलेल्या वकिलाला मोठ्या कंपन्यांची दारे सताड उघडी असतात. मॉस मात्र पोलाद कामगारांच्या युनियनचे वकील झाले.

युनियनच्या वकिलाचे काम कसे असते हे आमच्या गिरणी कामगार वाचकांना वेगळे सांगायला नको. कुणाला विनाकारण कामावरून काढले, कुणाचा ओव्हरटाइम बुडवला, कुणाला हलक्या खात्यात टाकले, अशा तक्रारी असतात. त्या प्रत्येक वेळी कोर्टात नेल्या तर कामगाराची उमर निघून जायची. म्हणून तिथल्या युनियनने मालकांशी करार करताना एक सोय करून घेतली होती. तक्रार आपसांत मिटली नाही तर ती एका त्रयस्थ माणसापुढे न्यायची. तो मालकाचाही नव्हे आणि युनियनचाही नव्हे. त्याला लवाद म्हणतात. लवाद दोन्ही बाजू ऐकतो, करार वाचतो आणि निकाल देतो. तो निकाल दोघांनी पाळायचा. कराराचे प्रत्येक वाक्य, प्रत्येक शब्द लवादापुढे कसा मांडायचा, ही विद्या मॉस पोलाद कामगारांच्या तक्रारी लढवताना शिकले.

१९६६ साली याच युनियनचे अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर यांना बेसबॉल खेळाडूंनी आपल्या संघटनेचे प्रमुख म्हणून निवडून दिले. मिलर यांनी १९६७ च्या सुरुवातीला मॉस यांना संघटनेचे वकील म्हणून बोलावून घेतले. पोलाद कारखान्यातला माणूस खेळाच्या मैदानावर काय करणार, अशी कुजबुज मालकांनी केली. पण मिलर आणि मॉस यांना मैदानही एक कारखानाच दिसत होता.

साल संपत नाही असा सालगडी

त्या काळी बेसबॉल खेळाडूंची स्थिती काय होती ते पाहू. १९६७ साली मोठ्या संघातील खेळाडूचा किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता आणि सरासरी पगार सुमारे १९,००० डॉलर होता. वीस वर्षांत किमान पगार जेमतेम एक हजार डॉलरने वाढला होता. खेळाचा हंगाम संपला की कित्येक खेळाडू हिवाळ्यात दुसरीकडे नोकरी करीत. स्टेडियम भरत होते, टेलिव्हिजनवाले पैसे मोजत होते आणि तो पैसा मालकांच्या तिजोरीत जात होता.

परंतु पगारापेक्षा मोठे दुखणे वेगळेच होते. खेळाडूला संघ सोडता येत नव्हता. १८७९ पासून मालकांनी आपसांत ठरवून टाकले होते, की एका मालकाचा खेळाडू दुसऱ्याने घ्यायचा नाही. पुढे हेच प्रत्येक खेळाडूच्या करारात शिरले. एकदा सही केली की तो त्या मालकाचा. मालक त्याला विकू शकतो, दुसऱ्या शहरात धाडू शकतो, घरी बसवू शकतो. खेळाडूने मात्र नाही म्हणायचे नाही. म्हणायचेच असेल तर खेळ सोडून द्यायचा.

आपल्या खेड्यापाड्यांत सालगडी असतो. पाडव्याला साल ठरते, पण घेतलेली उचल फिटत नाही आणि दुसऱ्या पाडव्यालाही तो त्याच वाड्यावर असतो. बेसबॉलचा खेळाडू हा असाच साल न संपणारा सालगडी होता. अंगावर छान गणवेश आणि पाठीवर नंबर होता, एवढाच काय तो फरक!

कोर्टात दाद का मागितली नाही, असे वाचक विचारतील. दाद मागून झाली होती. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्याला लागू नाही. १९५३ साली तोच निकाल कायम झाला. कायद्याचे दार बंद होते.

कर्ट फ्लड यांचा नकार

ते दार ठोठावण्याचे धाडस कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने केले. फ्लड सेंट लुईसच्या संघात बारा वर्षे खेळत होते. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवत होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांना एके दिवशी कळवण्यात आले की त्यांना फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते. फ्लड यांनी डिसेंबरमध्ये बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिले. मी काही खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, माझ्यासाठी कोणत्या संघाकडून काय देकार येतात ते मला पाहू द्या, असा त्या पत्राचा आशय होता. इतका पगार घेणाऱ्याला तक्रार कसली, असे लोक म्हणाले. त्यावर फ्लड यांचे उत्तर होते, की भरपूर पगार मिळाला म्हणून गुलामाचा गुलामपणा संपत नाही.

त्याच महिन्यात ते संघटनेच्या बैठकीपुढे उभे राहिले. आपण कृष्णवर्णीय आहात म्हणून हे करता आहात काय, असा प्रश्न त्यांना एका सहकाऱ्याने विचारला. कृष्णवर्णीय म्हणून मला हे अधिक टोचते हे खरे, परंतु हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. २५ विरुद्ध ० मतांनी संघटनेने खर्च उचलण्याचे ठरवले.

खटला चालला. जॅकी रॉबिन्सन, ज्यांनी १९४७ साली गोऱ्यांच्या संघात पाऊल टाकून वर्णभेदाची भिंत पाडली, ते थकल्या शरीराने फ्लड यांच्या बाजूने साक्ष द्यायला आले. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. सगळ्यांना आपापल्या पोटाची भीती होती. वाचकहो, युनियनच्या कामात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांना यात नवल वाटणार नाही.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड यांच्याविरुद्ध निकाल दिला. जुना निकाल विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु तो बदलायचा असेल तर संसदेने बदलावा, असे सांगून हात झटकले. फ्लड यांची कारकीर्द मात्र संपली ती संपलीच. १९७१ साली वॉशिंग्टनच्या संघातून तेरा सामने खेळून ते परदेशी निघून गेले. १९९७ साली त्यांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर, १९९८ साली, अमेरिकेच्या संसदेने त्यांच्या नावाचा कायदा करून मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉल खेळाडूंच्या नोकरीला लागू केला. ज्याने झाड लावले त्याला सावली मिळाली नाही.

छोटी खिडकी

मोठे दार बंद झाले. पण मिलर आणि मॉस यांनी त्याआधीच एक छोटी खिडकी उघडून ठेवली होती. १९७० साली मालकांशी केलेल्या करारात त्यांनी पोलाद कारखान्यातलीच सोय घालून घेतली. पगार, करार यांसंबंधी तक्रार असेल तर ती त्रयस्थ लवादापुढे जाईल. तोवर प्रत्येक तक्रारीचा शेवटचा निकाल आयुक्त देत असत आणि आयुक्तांची नेमणूक मालकच करीत. म्हणजे आरोपीच्या घरचाच न्यायाधीश! मालकांना वाटले, लहानसहान तक्रारी जातील लवादाकडे, आपले काय बिघडते?

पहिला धक्का १९७४ साली बसला. ओकलंडच्या संघात जिम हंटर नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याला लोक ‘कॅटफिश’ म्हणत. तो पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या करारात लिहिले होते की एक लाख डॉलर पगारापैकी ५०,००० डॉलर मालकाने त्याच्या सांगण्यानुसार विमा कंपनीत भरावेत. मालकाने ते भरले नाहीत. मॉस यांनी प्रकरण लवादापुढे नेले. मुद्दा साधा होता. मालकाने करार मोडला आहे, तेव्हा खेळाडू करारातून मोकळा झाला. लवाद पीटर साइट्झ यांनी ते मान्य केले आणि हंटर मोकळा झाला.

मग जे घडले ते पाहून सगळ्यांचे डोळे उघडले. एकामागून एक संघाचे लोक हंटरच्या गावी धावले. १९७४ च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. रक्कम होती तीस लाख डॉलरहून अधिक. वर्षाला एक लाख मिळवणाऱ्या माणसाची बाजारातली खरी किंमत किती होती, हे प्रथमच सर्व खेळाडूंना समजले. आपल्या श्रमाची किंमत आपल्याला कळू न देणे, हीच तर मालकाची खरी शक्ती असते.

एक वाक्य

परंतु हंटरची गोष्ट अपवादाची होती. सगळेच मालक काही करार मोडणार नव्हते. मूळ प्रश्न होता त्या साल न संपणाऱ्या कलमाचा.

त्या कलमात लिहिले होते, की खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर मालक जुना करार त्याच अटींवर एक वर्षासाठी वाढवू शकतो. मालकांचे म्हणणे असे, की ‘त्याच अटींवर’ म्हणजे त्यात हे वाढवण्याचे कलमही आले. म्हणून वर्ष संपले की पुन्हा वाढवायचे, ते संपले की पुन्हा. असे मरेपर्यंत. मॉस आणि मिलर यांचे म्हणणे असे, की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. इंग्रजीत लिहिले असले तरी अर्थ तोच.

हा अर्थ लवादापुढे मांडायचा, तर सही न करता संपूर्ण वर्ष खेळणारा खेळाडू हवा होता. हे सोपे नव्हते. मालक एकतर धाक दाखवून किंवा शेवटी मोठी रक्कम पुढे करून सही घेत असत. १९७५ साली लॉस एंजेलिसच्या संघातील अँडी मेसरस्मिथ हा पिचर अडून बसला. मला विचारल्याशिवाय दुसऱ्या संघाला विकणार नाही, एवढे करारात लिहून द्या, ही त्याची मागणी होती. मालकाने नकार दिला. मेसरस्मिथ सहीविना वर्षभर खेळला आणि उत्तम खेळला.

पण ऐनवेळी त्यानेही सही केली तर? म्हणून संघटनेने दुसरे नाव शोधले. डेव्ह मॅकनली हा मॉन्ट्रियलच्या संघातील पिचर जून १९७५ मध्येच खेळ सोडून आपल्या गावी, बिलिंग्जला, मोटारींच्या धंद्यात लागला होता. त्यानेही नव्या करारावर सही केलेली नव्हती. तक्रारीत माझे नाव घाला, असे त्याने सांगितले. हे समजताच मॉन्ट्रियल संघाचे अध्यक्ष त्याच्या गावी येऊन थडकले. सही केलीस तर पंचवीस हजार डॉलर रोख आणि पुढच्या वर्षी खेळलास तर सव्वा लाख, असा देकार होता. मॅकनली पुन्हा खेळणार नव्हता. पंचवीस हजार डॉलर नुसते उचलून खिशात घालायचे होते. त्याने ते घेतले नाहीत. जे स्वातंत्र्य त्याला स्वतःला उपयोगी पडणार नव्हते, ते त्याने मागून येणाऱ्यांसाठी राखले.

आम्हाला या साऱ्या हकीकतीत मॅकनलीचा हा नकार फार मोठा वाटतो. वकिलाची बुद्धी कितीही तल्लख असो, सही न करणारा एक हात मिळाला नाही तर ती काय कामाची?

नोव्हेंबर १९७५ मध्ये सुनावणी सुरू झाली. एका बाजूला मिलर, दुसऱ्या बाजूला मालकांचे प्रतिनिधी आणि मध्ये साइट्झ, असे तीन जणांचे मंडळ होते. खेळाडूंची बाजू मॉस यांनी मांडली. त्यांनी गुलामगिरीवर भाषण केले नाही. फ्लड यांच्या खटल्यात मोठी तत्त्वे मांडून झाली होती आणि हरूनही झाले होते. इथे त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. करार काढा, वाक्य वाचा, त्यात किती वर्षे लिहिली आहेत ते सांगा.

साइट्झ यांनी मालकांना सुचवले की निकालापर्यंत जाऊ नका, खेळाडूंशी बोलणी करून मिटवा. मालकांनी ऐकले नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी दोन विरुद्ध एक मताने निकाल लागला. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष! मेसरस्मिथ आणि मॅकनली मोकळे झाले. निकाल हाती पडताच मालकांनी साइट्झ यांना कामावरून काढून टाकले. मग ते कोर्टात गेले. कॅन्सस सिटीच्या न्यायाधीशांनी आणि पाठोपाठ मार्च १९७६ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही लवादाचा निकाल कायम केला.

मोकळीक मिळाल्यावर

आता खरी अक्कल लागणार होती. सगळे खेळाडू दर वर्षी मोकळे, असे म्हणता आले असते. एका मालकाने तर चिडून तेच सुचवले होते. परंतु बाजारात एकदम सहाशे खेळाडू उतरले तर भाव पडणार, हे मिलर यांनी ओळखले. सर्वच मजूर एकाच दिवशी नाक्यावर उभे राहिले तर रोज किती मिळतो हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जुलै १९७६ च्या करारात असे ठरले, की सहा वर्षे सेवा झाली की खेळाडू मोकळा. दर वर्षी थोडेच खेळाडू बाजारात येत आणि त्यांच्या मागे बरेच मालक लागत. १९७५ साली सुमारे ४५,००० डॉलर असलेला सरासरी पगार १९८० साली सुमारे १,४४,००० डॉलर झाला. याचा लाभ मोठ्या नावांपुरता राहिला नाही. १९६७ साली ६,००० डॉलर असलेला किमान पगार २०२४ साली ७,४०,००० डॉलर होता. आज अगदी नवखा खेळाडूही या लढ्याचे फळ खातो, मग त्याला फ्लड आणि मॅकनली ही नावे माहीत असोत वा नसोत.

१९७७ साली मॉस यांनी संघटना सोडली आणि खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून स्वतंत्र काम सुरू केले. म्हणजे आता ते एकेका खेळाडूच्या वतीने मालकाशी बोलणी करीत आणि करार लिहून घेत. १९७९ साली नोलन रायन या पिचरसाठी त्यांनी ह्यूस्टनच्या संघाशी केलेला करार वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा अधिक रकमेचा होता. बेसबॉलमध्ये असे तोवर घडले नव्हते.

काही जणांनी नाके मुरडली. युनियनचा वकील आता लक्षाधीशांचा दलाल झाला, असे बोलले गेले. हा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. खेळाडूचा प्रतिनिधी हा त्याच्या कमाईवर जगतो, आणि सगळेच प्रतिनिधी सचोटीचे नसतात. परंतु मॉस यांचे पुढचे एक प्रकरण पाहिले, तर युनियनची शिकवण त्यांनी टाकून दिली नव्हती असेच म्हणावे लागते.

कोरा करार

१९८५ नंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. मोकळ्या झालेल्या चांगल्या चांगल्या खेळाडूंना कोणीच विचारीना. मालकांनी आतून संगनमत केले होते, की एकमेकांचे खेळाडू घ्यायचे नाहीत. म्हणजे १८७९ चीच गोष्ट, फक्त या वेळी कागदावर नव्हती. जे कागदावर नाही ते सिद्ध कसे करायचे?

आंद्रे डॉसन हे मॉन्ट्रियलचे मातब्बर खेळाडू तेव्हा मोकळे झाले होते. कृत्रिम गवताच्या कठीण मैदानावर धावून धावून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. त्यांना शिकागोच्या संघात जायचे होते, कारण तिथे खरे गवत होते. पण देकार येईना. मार्च १९८७ मध्ये डॉसन आणि मॉस शिकागो संघाच्या सराव शिबिरात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कोरा करार पुढे केला. खेळाडूची सही तयार, रकमेची जागा मोकळी. तुम्हाला वाटेल तो आकडा भरा.

आयुष्यभर कोऱ्या कागदावर सही करू नका असे सांगणाऱ्या वकिलाने हे करावे! पण यात मोठी खुबी होती. आता खेळाडू महाग पडतो असे म्हणायची सोय राहिली नाही. संघाने ५ लाख डॉलरचा आकडा भरला. काही अटी पूर्ण झाल्या तर आणखी दोन लाख मिळायचे होते. मॉन्ट्रियलला डॉसन यांना दहा लाखांवर मिळत होते. त्यांनी तोटा सोसला, मैदानात उतरले, त्या हंगामात ४९ होमरन मारले आणि आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. इतका गुणी खेळाडू अर्ध्या किमतीत मिळत असताना बाकीचे मालक गप्प का होते, हा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. सप्टेंबर १९८७ मध्ये लवादाने पहिला निकाल दिला की मालकांनी संगनमत केले होते. पुढे आणखी दोन निकाल तसेच लागले आणि १९९० साली मालकांनी खेळाडूंना २८ कोटी डॉलर भरपाई देण्याचे कबूल केले.

मॉस एवढ्यावर थांबले नाहीत. १९९४ साली काही मित्रांबरोबर त्यांनी युनायटेड बेसबॉल लीग नावाची नवी स्पर्धा उभी करण्याचा घाट घातला, पण ती मैदानात उतरू शकली नाही. जुन्या सहकाऱ्यांपैकी मिलर २०१२ साली गेले. बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्यांना अनेकदा डावलले गेले होते. त्यांची निवड झाली ती मृत्यूनंतर, २०१९ साली. मॉस सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले.

आपल्या श्रीरामपूरचा एक खटला

हे सगळे अमेरिकेतले झाले, आपल्याला त्याचे काय, असे वाटत असेल तर आपल्याच मातीतले एक उदाहरण देतो. क्रिकेटपटू झहीर खान हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचे. २००० साली, कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीला, त्यांनी एका व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होते. करार संपल्यानंतरही दुसऱ्या कोणाशी करार करायचा झाल्यास त्याच्या अटी आधी या कंपनीला दाखवायच्या आणि कंपनी तेवढ्यालाच तयार असेल तर तिलाच पुन्हा घ्यायचे. तीन वर्षांनी झहीर दुसरीकडे गेले आणि कंपनी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीर यांच्या बाजूने निकाल दिला. १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम सांगते की माणसाच्या व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल असतो. कराराची मुदत संपली की बंधनही संपले.

पाहा, शब्द वेगळे, देश वेगळा, पण मुद्दा तोच. तीन वर्षे म्हणजे तीनच वर्षे!

आज आपल्या कबड्डीतही पैसा आला आहे. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ साली ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. वस्तीतल्या मैदानात, मंडळाच्या दिव्याखाली सराव करणारी मुले-मुली उद्या अशा लिलावात उभी राहतील. त्यांच्या हाती ढाल आणि चषक येतील, त्याआधी कागद येईल. तो कोण वाचणार?

घरातल्या मंडळींना

म्हणून आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट मुलामुलींच्या शिक्षणाची. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, तेव्हा काळा कोट आपल्या घराला परका नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. ज्या मुलीला खेळाची आवड आहे पण गुडघ्याने किंवा परिस्थितीने साथ दिली नाही, तिला खेळाडूंची वकील होता येईल. मात्र हे काम चकचकीत आहे असे समजू नये. मॉस यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यातला मोठा भाग कागद वाचण्यात, तक्रारी लिहिण्यात आणि एका शब्दासाठी तासन्‌तास वाद घालण्यात गेला. आणि त्याची सुरुवात खेळाडूंपासून झाली नव्हती, भट्टीवरच्या कामगारापासून झाली होती.

दुसरी गोष्ट आजची आहे. वकील परवडत नाही म्हणून न वाचता सही करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टाच्या आवारात या सेवेची कचेरी असते. तिथे जाऊन नुसता कागद दाखवून सल्ला विचारला तरी चालतो. सही करण्यापूर्वी कागदाची एक प्रत मागून घ्या, एक रात्र घरी ठेवा, शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. मुदत किती, मुदत संपल्यावर काय, आणि सोडून जायचे झाले तर कसे, हे तीन प्रश्न त्या कागदाला विचारा.

बाबू म्हणेल, वेळ नाही, सगळे जण करतात, तुम्हीही करा. त्या वेळी बिलिंग्ज गावातल्या त्या मोटारी विकणाऱ्या माणसाची आठवण ठेवा. पंचवीस हजार डॉलर टेबलावर होते, आणि त्याने पेन उचलले नाही.